रिकाम्या खोलीचं एक मिनिट

कुवेतमध्ये मला नोकरी लागली ती एका ट्यूबलाईटमुळे. खोटं वाटेल, पण तसंच आहे.

नव्वद सालचा जानेवारी. सुमन, माझी बायको, तिथल्या सरकारी इस्पितळात स्टाफ नर्स होती आणि मी तिच्या मागोमाग गेलेलो. मिरजेत लोक तोंडावर म्हणायचे, "श्रीकांत बायकोच्या पदराला धरून आखातात चाललाय." म्हणोत बापडे. आमचं घर सतारमेकर गल्लीतलं. वडिलांनी जन्मभर तंबोऱ्यांच्या जवाऱ्या काढल्या, मी मात्र रेडिओ-टेपरेकॉर्डरच्या दुरुस्तीत शिरलो. कुवेत शहरातल्या मिरकाब भागात एका जुन्या इमारतीच्या तळघरात रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे आणि तिथल्या इटालियन माणसाला मशीन सांभाळणारा हवाय असं कळलं, म्हणून गेलो.

त्यानं ना नाव विचारलं, ना सर्टिफिकेट पाहिलं. मला रिकाम्या स्टुडिओत खुर्चीवर बसवलं, उजव्या हाताची तर्जनी वर केली आणि डोळे मिटले. मला वाटलं, प्रार्थना करतोय की काय. पुरं एक मिनिट गेलं. मग त्यानं बोट खाली आणलं आणि विचारलं, "काय ऐकलंस?"

"बाहेर पॅसेजमध्ये पंखा आहे, त्याचं एक पातं वाकलंय. एसीतून पाणी ठिबकतंय. ट्यूबलाईट पांढरी पाचच्या किंचित वर गुणगुणतेय." पांढरी पाच म्हणजे काय ते त्याला कळेना, म्हणून कोपऱ्यातल्या पियानोवर ती पट्टी दाबून दाखवली. "आणि तुमच्या मनगटावरचं घड्याळ."

तो घड्याळाकडे असा बघायला लागला की जणू हातावर विंचू चढलाय. "चाळीस वर्षं मी हे मिनिट टेपवर घेतोय," तो म्हणाला, "आणि चाळीस वर्षं त्यात माझंच घड्याळ वाजतंय!" त्यानं ते काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. "हे सांभाळायचं काम तुझं. उद्यापासून ये."

हा रेन्झो. आडनाव मला आजही धड उच्चारता येत नाही. साठीचा, ठेंगणा, पोट सुटलेला, कपाळावर चष्मा चढवून तोच चष्मा घरभर शोधणारा. माझ्याहून वीस-बावीस वर्षांनी मोठा, पण अहो-जाहो त्यानं कधी तोंडात बसूच दिलं नाही. इंग्रजी, अरबी आणि आपली बाजारू हिंदी यांची खिचडी करून बोलायचा. श्रीकांत त्याला जमेना. मला तो 'कांतो' म्हणायचा. त्यांच्या भाषेत कांतो म्हणजे गाणं, असं सांगून स्वतःवरच खूष व्हायचा.

ते मिनिट त्यानं कधी चुकवलं नाही. कितीही मोठा गायक येवो, वादक किती का खोळंबोत, गाण्याआधी रिकाम्या खोलीचं एक मिनिट टेपवर घ्यायचं म्हणजे घ्यायचं. घड्याळ काढून माझ्या हातात, माझी मूठ खिशात, त्याचं बोट वर. बोट वर असेपर्यंत कुणी थुंकीसुद्धा गिळायची नाही. एकदा एका मोठ्या गायकाचा मॅनेजर चिडून म्हणाला, "आम्ही गाण्याचे पैसे देतो, शांततेचे नाही." रेन्झो म्हणाला, "गाणं मी तुला फुकट देतो. शांतता माझी आहे."

मला त्यामागचं कारण नंतर कळलं. गाण्यात कुठं ठसका लागला, कुठं चूक झाली, तर तेवढी टेप कापून काढतात. कापलेल्या जागी कोरी टेप जोडली तर ऐकणाऱ्याचा पाय खड्ड्यात गेल्यासारखा होतो. तिथं त्याच खोलीची शांतता जोडावी लागते. प्रत्येक खोलीची वेगळी असते. "गाणं सुरू करायला सगळे शिकतात कांतो," तो म्हणायचा, "गप्प बसायला कुणी शिकत नाही."

त्याच्या कानाचा त्रासही तेवढाच होता. एकदा उन्हाळ्यात आम्ही फहाहीलच्या रस्त्यानं टॅक्सीनं चाललो होतो. ड्रायव्हर पठाण. त्याच्या गाडीतली कॅसेट रेंगाळत होती, गाणारी बाई गाते आहे की विव्हळते आहे कळत नव्हतं. रेन्झो दोन मिनिटं चुळबुळला, मग ओरडला, "गाडी थांबव!" भर दुपार, बाहेर भट्टी पेटलेली. ह्या बाबानं माझ्या पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर घेतला, गाडीचा टेप खोलला आणि रस्त्याच्या कडेला घामानं निथळत मोटरचा वेग नीट केला. पठाण आधी तापला होता, मग गाणं ऐकून निवळला. म्हणाला, "तीन साल से मैं समझता था बाई बीमार है." त्यानं आमच्याकडून भाडं घेतलं नाही.

रेन्झोचं आयुष्य मला तुकड्यातुकड्यांनी कळलं, तेही बहुतेक दक्षिणेला वफ्राच्या बागांकडे जायच्या रस्त्यावर. जन्म एका बंदराच्या गावातला. बाप चर्चमधले ऑर्गन दुरुस्त करायचा. पोरवयात मिलानला एका रेकॉर्डिंगच्या खोलीत केबली गुंडाळायला लागला, तिथून जर्मनी, तिथून बैरूत. बैरूतच्या बऱ्या दिवसांत त्यानं चाली बांधल्या, अनोळखी पोरींना गायिका केलं, तबकड्या काढल्या. त्याचं एक गाणं म्हणे सगळ्या अरब मुलखात लग्नालग्नांत वाजायचं. तबकडीवर गायिकेचं नाव ठळक, कवीचं बारीक, आणि ह्याचं छापायचं राहून गेलं. "राहून गेलं" हे तो असं सांगायचा की जसं कुणी सांगावं, छत्री घरी राहिली. मग बैरूतमध्ये युद्ध पेटलं आणि तो एका सुटकेसनिशी बाहेर पडला. कैरो, मग कुवेत. इथं जाहिरातींची गाणी. दुधाच्या पावडरीचं त्यानं केलेलं गाणं आमच्या वस्तीतली, फरवानियातली शेंबडी पोरंही म्हणत हिंडायची.

"आणि लग्न?" मी एकदा विचारलं.

"होती एक बायको. ती मिनिटभर गप्प बसायला तयार नव्हती."

वफ्राला आम्ही जायचो ते बू सालेमसाठी. हा ऐंशीच्या घरातला कुवेती म्हातारा. तरुणपणी मोत्यांसाठी बुडी मारणाऱ्यांच्या गलबतावर गायचा. खलाशांनी दोर ओढताना, शीड चढवताना म्हणायची ती गाणी. आता खजुराच्या बागेत स्वस्थ बसून होता. त्याच्या मागं ही गाणी म्हणणारं कुणी उरणार नाही, हे रेन्झोनं कुठूनसं ऐकलं आणि त्याच्या डोक्यात भूत शिरलं. कुणी मागितलेलं नव्हतं, कुणी पैसे देणार नव्हतं. मला म्हणाला, "जन्मभर साबण आणि दूध विकलं. एक रीळ तरी असं करू दे की ज्यावर माझं नाव नसलं तरी चालेल."

पण म्हातारा गाईना. सुरुवात करायचा आणि अडायचा. तीन फेऱ्या फुकट गेल्या. चौथ्या खेपेला रेन्झो जाडजूड दोर घेऊन आला. एक टोक बू सालेमच्या हातात दिलं, दुसरं स्वतःच्या कमरेला बांधून वीस पावलं लांब जाऊन उभा राहिला. "ओढ," म्हणाला. म्हाताऱ्यानं ओढलं, ह्यानं उलटं ओढलं, आणि तो आवाज असा फुटला म्हणता! बागेतले बंगाली मजूर कामं टाकून उभे राहिले. वजन हातात आल्याशिवाय ते गाणं येणारच नव्हतं, आणि हे ओळखलं साबणाची गाणी करणाऱ्या इटालियनानं. सगळी गाणी होईपर्यंत रेन्झोच्या कमरेला दोराचे वळ उठले होते. सुमननं मलम लावलं आणि चांगलं झापलं, "ह्या वयात बैल व्हायची हौस कशाला?"

अर्थात गाण्यांच्या आधी तिथंही मिनिट झालंच. पाण्याचा पंप बंद करवला, घड्याळ माझ्या मुठीत, बोट वर.

ते रीळ मिरकाबच्या कपाटात होतं आणि ऑगस्टच्या दोन तारखेला पहाटे इराकी रणगाडे कुवेतमध्ये शिरले.

दुसऱ्या दिवशी रेन्झोच्या ओळखीचा एक जण वाळवंटातून गाडी घालून सौदीला निघाला होता. रेन्झोची जागा ठरलेली. हा म्हणाला, अर्धा तास थांब, मिरकाबहून एक वस्तू घेऊन येतो. गेला आणि अडकला. चौकाचौकात रणगाडे. गाडी निघून गेली. बारा दिवस हा माणूस तळघरात बिस्किटं आणि नळाचं पाणी यांवर राहिला. तेराव्या दिवशी दुपारी फरवानियात आमच्या दारावर टकटक झाली. दारात रेन्झो, दाढी वाढलेली, अंगात कुणाचा तरी मळका दिश्दाशा, त्यांचा तो पायघोळ झगा, आणि काखेत तांदळाची पिशवी. पिशवीत रीळ.

तोवर फर्मान निघालं होतं. गोऱ्या परदेशी लोकांनी स्वतःहून हजर व्हायचं. त्यांना धरून इराकमधल्या कारखान्यांवर, धरणांवर नेऊन ठेवत होते, म्हणजे वरून बॉम्ब पडायचे नाहीत. आणि त्यांना लपवणाऱ्याला फाशी.

सुमननं त्याला आत घेतलं, पाणी दिलं. मग मला स्वयंपाकघरात ओढलं. "पकडले गेलो तर आपल्या दोघांनाही लटकवतील. कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय."

"मग बघत काय उभे राहिलाय? आमटीत पाणी घाला वाढीव."

खाली हमीदचाचांचं बकाला होतं, म्हणजे वाण्याचं दुकान. चाचा श्रीवर्धनचे, तीस वर्षं कुवेतमध्ये मुरलेले. गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी त्यांची खोक्यांची खोली होती, तिची किल्ली त्यांनी न मागता सुमनच्या हातात ठेवली. "बाय, वर ऱ्हाऊ दे त्याला. मी काय बघितला नाय नि काय ऐकला नाय." आणि जाता जाता म्हणाले, "खोकतो मोठ्यानं, तेवढा सांभाळ."

रात्री तो गच्चीवरच्या खोलीत. दुपारी ती खोली तव्यासारखी तापायची, म्हणून आमच्याकडे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, गच्ची आमच्या डोक्यावर. ठरवलं असं की जिन्यात बुटांचा आवाज आला की तो दुसऱ्या मजल्यावर पोचायच्या आत रेन्झोनं वर जायचं आणि गच्चीच्या दाराला पलीकडून कडी लावायची. जिन्याचा पहारा त्यानं स्वतःकडेच घेतला. दोन दिवसांत अख्ख्या इमारतीचे पाय त्याला पाठ झाले. "सिस्टर आली, आज दमलीय, डावी चप्पल घासतेय." आणि खरंच सुमन दारात.

बाकी सगळं मात्र त्याच्या जिवावर यायचं. हा माणूस भात चिवडतानाही गुणगुणायचा, शिंकायचा तर काच हलायची. आता खोकला आला की उशी तोंडात. मोजे घालून चालणं. बोटं मांडीवर ताल धरायची ती दुसऱ्या हातानं दाबून धरायचा. मला वडिलांची आठवण यायची. तंबोऱ्याची तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवला की तार बोलायला लागते, ह्याला जवारी म्हणतात. दोरा जरा हलला की तार मुकी. रेन्झोचा दोरा कुणीतरी काढून घेतला होता. फार वाईट वाटायचं बघून.

मग त्यानं गाणं लिहायला घेतलं. सुमन इस्पितळातून जुने चार्ट आणायची, त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं रेघा ओढून चाल लिहायचा. मला दाखवायचा. मला ती लिपी येत नाही. मी म्हटलं, "गुणगुण ना हळूच." त्यानं मान हलवली. "हळूच येत नाही मला. बाहेर पडलो की ऐकवीन. मीसुद्धा अजून ऐकलेलं नाही."

सप्टेंबर लागला. आपले लोक बसनं बगदाद, तिथून अम्मान, तिथून विमानानं मुंबई असे निघाले होते. आमचं नाव यादीत लागलं आणि आम्ही गेलो नाही. सुमनची इस्पितळात गरज होती हे खरं, पण पुरतं खरं नव्हतं. दुसऱ्यांदा नाव लागलं तेव्हा आमचं भांडण झालं, अर्थात कुजबुजत. ती म्हणाली, "माझी आई तिकडं अंथरुणाला खिळलीय, आणि आपण इथं..." मी म्हटलं, "मग काय त्याला रस्त्यावर सोडू?" सगळं मराठीत. रेन्झो कोपऱ्यात बसून होता. शब्द एक कळला नसेल, पण सूर कळले. तो नंतर मला म्हणाला, "कांतो, पुढच्या बसनं तुम्ही जायचं. मी चाचाबरोबर राहीन." मी उडवून लावलं.

आता माझ्याकडून काय झालं ते सांगतो. आजवर सुमन सोडून कुणाला सांगितलेलं नाही.

आमच्या इमारतीच्या कोपऱ्यावर इराक्यांची चौकी होती. तिथं जब्बार नावाचा एक पोक्त शिपाई असायचा, बसऱ्याचा. मूळचा पाववाला, घरातून उचलून फौजेत घातलेला. लुटीतला एक टेपरेकॉर्डर त्यांनी आणला होता आणि दिवसभर तो वाजवायचे. आणि तो रेंगाळत होता. अर्धा सूर खाली. त्यावर कुवेती गाणी लागायची, त्यातली दोन तर रेन्झोनं स्वतः केलेली. बंदूक, फाशी, उकाडा, सगळं सोसणारा माणूस त्या आवाजानं वेडापिसा व्हायला लागला. कानात बोळे घालायचा, तरी उपयोग नाही.

एकदा मी खुब्जच्या, तिथल्या रोटीच्या रांगेत उभा असताना जब्बारनंच विचारलं, "हिंदी, मशीन कळतं का?" मी हो म्हटलं. टेपचा रबरी पट्टा सैल झाला होता. सुमनच्या इस्पितळातल्या रबरी हातमोज्याचा काठ कापून मी नवा पट्टा बसवला. गाणं सुधारलं. वर आलो तर रेन्झो पडद्याआड उभा राहून ऐकत होता. त्यानं दोन बोटांत चिमूटभर जागा दाखवली. अजून हळू आहे.

होता. मलाही कळत होतं. जब्बारला नव्हतं, त्या चौकीत कुणालाच नव्हतं. तिथंच सोडायला पाहिजे होतं की नाही? पण नाही. सतारमेकर गल्लीचं रक्त ना! काम अर्धवट सुरात ठेवून कसं चालेल? दुसऱ्या दिवशी, कुणी न बोलावता, मी खाली गेलो आणि मोटरचा स्क्रू फिरवून वेग अगदी नेमका लावून आलो.

जब्बारनं विचारलं, "तुला कसं कळलं?"

"मी वर तिसऱ्या मजल्यावर राहतो. ऐकू आलं."

तो खो खो हसला आणि मला दोन रोट्या जास्त दिल्या. सुमननं त्या रोट्या बघितल्या, सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "कुणी सांगितलं होतं हे शहाणपण? तिसरा मजलासुद्धा सांगून आलात!" रेन्झो मात्र पडद्याआड डोळे मिटून आपलं गाणं बरोबर सुरात ऐकत होता. त्या दिवशी त्याचा चेहरा मी बऱ्याच दिवसांनी सैल झालेला पाहिला, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

चार दिवसांनी, दुपारी, आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. वरण-भात आणि टोमॅटोचं सार. रेन्झोनं घास हातात धरला तो तसाच राहिला. "बूट," तो पुटपुटला. "चार जण." मग मान तिरकी केली. "काहीतरी जड आणतायत." खाली जिन्याच्या कठड्याला लोखंड आपटल्याचा आवाज आला आणि मागोमाग एक बारीक खुळखुळ. रेन्झोनं घास ताटात परत ठेवला.

"ते माझं मशीन आहे," तो म्हणाला. "हँडलची एक पिन सैल आहे. कांतो, स्टुडिओत सापडलं त्यांना सगळं. माझ्या मागावर आलेत."

"वर जा," सुमन म्हणाली. "आधी वर जा तुम्ही!"

तो उठला. नेहमी मोज्यावर जायचा, आज बूट घातले. हातातलं घड्याळ काढलं. मी नेहमीच्या सवयीनं हात पुढं केला आणि त्यानं ते माझ्या तळहातावर ठेवलं. तर्जनी वर केली, माझ्याकडे बघितलं, सुमनकडे बघितलं आणि दार लोटून बाहेर गेला.

आम्ही दाराशी कान लावून उभे. वर गच्चीच्या कडीचा आवाज यायला हवा होता. तो आला नाही. पाच-सहा पायऱ्या चढल्याचा आवाज आला, मग थांबला. बूट दुसऱ्या मजल्यावर आले, आणि मग वरून त्याचे पाय खाली यायला लागले, टाचा आपटत. आमच्या दारावरून पुढं गेले. चाळीस-एक दिवसांनी पहिल्यांदाच मी त्याचा मोकळा आवाज ऐकला. अरबीत, गायकाला हाक मारावी तसा खणखणीत. "मी इथं आहे. गच्चीवर होतो. एकटा होतो. कुणाला माहीत नाही."

काहीतरी दाणकन आपटलं. आरडाओरडा. मग आमच्या दारावर लाथ.

दारात एक तरुण अधिकारी, आणि तो पुरता गोंधळलेला. त्याच्या मागं जब्बार आणि आणखी दोघं, जमिनीवर रेन्झोचं रेकॉर्डिंग मशीन, आणि त्यांच्या मधे रेन्झो. भुवई फुटलेली, रक्त डोळ्यात उतरलेलं. अधिकाऱ्यानं मला विचारलं, "टेप दुरुस्त करणारा हिंदी तूच?"

ते त्याला शोधायला आलेच नव्हते! जब्बारनं साहेबाजवळ माझी तारीफ केली होती. साहेबाला कुठून तरी लुटीत ते मशीन मिळालं होतं, चालत नव्हतं, म्हणून ते माझ्याकडे घेऊन आले होते. रेन्झो गच्चीवर जाऊन कडी लावून बसला असता तर कुणी वर फिरकलंही नसतं. त्यानं ऐकलं ते सगळं बरोबर होतं. चार जण बरोबर, मशीन बरोबर. अर्थ तेवढा चुकला.

अधिकाऱ्यानं रेन्झोकडे बोट दाखवलं. "ह्याला ओळखतोस?"

माझ्या तोंडात काय होतं देव जाणे. मला वाटतं मी बोलणार होतो. काहीतरी, म्हातारा आजारी आहे, सोडा, असलं काहीतरी. रेन्झो माझ्याकडे बघत नव्हता, भिंतीकडे बघत होता. त्यानं रक्त पुसायला हात वर नेला आणि तो हात गालापाशी तसाच ठेवला. तर्जनी सरळ वर.

"नाही," मी म्हटलं. सुमन माझ्या मागून म्हणाली, "नाही."

मशीनला गुंडाळलेली केबल सोडून त्यांनी त्याचे हात पाठीमागं बांधले. दोघं त्याला घेऊन गेले. अधिकारी आणि जब्बार आमच्याकडे बसले, सुमननं त्यांना चहा केला, आणि मी ते मशीन दुरुस्त केलं. ऐकताय ना? त्याचं मशीन, त्याच दुपारी, तो बसला होता त्याच सतरंजीवर. हँडलची सैल पिनसुद्धा मी घट्ट केली. स्वतःची इतकी किळस मला पुढं कधी आली नाही. ते गेल्यावर सुमननं त्याचे गाण्याचे कागद गॅसवर जाळले, कारण झडती कधीही आली असती. जाळताना ती रडत होती. मी थांबवलं नाही. हमीदचाचांनी गच्चीचं कुलूप फार दिवस मोडकंच होतं असं सांगितलं, दोन थपडा खाल्ल्या आणि ते सुटले.

पुढच्या बसनं आम्ही निघालो. तो म्हणाला होता तसंच.

डिसेंबरात धरून ठेवलेल्या गोऱ्यांना सोडून दिलं. आम्ही मिरजेत शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर बसून विमानातून उतरणारा एकेक चेहरा बघितला. त्याच्या वकिलातीला मी तीन पत्रं लिहिली. एकाचं उत्तर आलं, अशा नावाच्या माणसाबद्दल माहिती नाही. जब्बारचं पुढं काय झालं, तेही कळलं नाही. एक्क्याण्णवच्या जूनमध्ये सुमनला इस्पितळानं परत बोलावलं, मी पुन्हा तिच्या मागोमाग. तेलाच्या विहिरी जळत होत्या, भर दुपारी गाड्यांचे दिवे लागलेले, वाळत घातलेले कपडे काळे. मिरकाबच्या तळघरात भिंती जळालेल्या. वफ्राला जाऊ देईनात, बागांत सुरुंग पेरले होते. हमीदचाचा मात्र होते. त्यांनी तांदळाच्या पिंपात कोपरापर्यंत हात घातला आणि गच्चीवरच्या खोलीतून तेव्हाच उचलून ठेवलेलं रीळ काढून दिलं. "ठेवला होता बाबा. त्याचा माणूस येल म्हणून."

त्याचं माणूस कुणी आलं नाही. रीळ माझ्याकडेच आहे. मशीन मिळवून मी ते एकदा लावलं. आधी ते मिनिट येतं. बाग, खजुराच्या झावळ्या, लांब एक कावळा. घड्याळ नाही, ते माझ्या मुठीत होतं. मिनिटाच्या शेवटी, बोट खाली आणताना सोडलेला त्याचा श्वास ऐकू येतो, आणि मग बू सालेम. मी तिथंच मशीन बंद केलं. पुढचं अजून ऐकलेलं नाही.

घड्याळ सुमन वापरते. रोज सकाळी किल्ली देते. निवृत्त होईपर्यंत वॉर्डात ती पेशंटची नाडी त्याच घड्याळावर बघायची.

तिला त्या दिवशी अधिकाऱ्यासाठी पाणी आणायला आत जावं लागलं होतं, त्यामुळे तिनं त्याला जाताना बघितलं नाही. अजूनही कधी तरी विचारते, "त्यांनी मागं वळून पाहिलं होतं का हो?" नव्हतं पाहिलं. मी कठड्यावरून वाकून बघत होतो. तो जिना उतरत होता, पायरी दिसत नव्हती म्हणून जरा चाचपडत. पाठीमागं बांधलेले हात, केबल मनगटात रुतलेली, बाकीची बोटं काळीनिळी मिटलेली. तर्जनी तेवढी सरळ होती. पहिल्या मजल्याच्या वळणापर्यंत मला ती दिसली, आणि तोपर्यंत त्यानं ती खाली केली नव्हती.